ताण दिलेल्या पेशींच्या ईव्हींचा आकडा दर वेळी वेगळा येतोय? आधी कंट्रोलचा फ्लास्क बघा

तक्रार साधारण अशी असते. पेशींना ऑक्सिजन कमी दिला, किंवा तासभर ४२ अंशांवर ठेवलं, किंवा एखादं औषध घातलं. चोवीस तासांनी मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, गोळा केलं, त्यातल्या बाह्यपेशीय पुटिका (पेशींनी बाहेर सोडलेल्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्या), ज्यांना लॅबमध्ये आपण सरसकट ईव्ही म्हणतो, त्या वेगळ्या करून मोजल्या. पहिल्या खेपेला कंट्रोलच्या, म्हणजे ताण न दिलेल्या फ्लास्कच्या, तिप्पट आल्या. सगळे खूश. दुसऱ्या खेपेला दीडपट. तिसऱ्या खेपेला कंट्रोलमध्येच जास्त. मग मशीन बिघडलंय, सेंट्रिफ्यूजचा रोटर नीट नाही, अँटिबॉडी जुनी झाली, अशा शंका सुरू होतात. दोन-तीन महिने त्यात जातात आणि मुलं रडकुंडीला येतात.

मी बरीच वर्षं सेल कल्चरच्या खोलीत काढली आहेत आणि ही तक्रार घेऊन आलेल्या पीएचडीच्या मुलामुलींसोबत बसले आहे. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. आपण ज्याला कंट्रोल म्हणतो तो फ्लास्कही ताणाखालीच असतो, आणि हा न मोजलेला ताण दर खेपेला कमी-जास्त होतो. ज्याच्याशी तुलना करायची तेच हलतं, मग गुणोत्तर कसं टिकणार?

पेशी ताणाखाली पुटिका का सोडते

हे नीट कळलं की पुढची सगळी तपासणी आपोआप सुचते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

१९८३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी रक्तातल्या अपक्व लाल पेशींमध्ये एक गोष्ट पाहिली. या पेशी पक्व होताना त्यांना ट्रान्सफेरिन रिसेप्टर, म्हणजे लोह आत घेणारं पटलावरचं प्रथिन, नको होतो. पेशी तो आतल्या एका पिशवीत घेते, त्या पिशवीत आणखी छोट्या पुटिका तयार होतात, आणि पिशवी बाहेरच्या पटलाला मिळून त्या पुटिका बाहेर सोडते. १९८७ साली रोझ जॉनस्टोन यांच्या गटाने त्यांना एक्झोसोम हे नाव दिलं. म्हणजे मुळात ही नको असलेला माल घराबाहेर काढण्याची वाट आहे. दुसऱ्या पेशीला निरोप पोचवणं वगैरे गोष्टी पुढे कळल्या. ताण आला की पेशीच्या आत बिघडलेला माल वाढतो आणि ही वाट जास्त वापरली जाते, इतकं पक्कं लक्षात ठेवा.

एक्झोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. ही पिशवी, तिला बहुपुटिका पिंड म्हणतात, दोन ठिकाणी जाऊ शकते. लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे, गेली तर आतला माल पचतो. बाहेरच्या पटलाकडे गेली तर माल बाहेर पडतो. लायसोसोमचं आम्ल राखणारा पंप बॅफिलोमायसिनने बंद केला, किंवा क्लोरोक्विन दिलं, की पचनाचा रस्ता बंद होतो आणि बाहेर पडणाऱ्या एक्झोसोमांची संख्या वाढते. ताणाचे बरेच प्रकार शेवटी इथेच येऊन थांबतात. किरणोत्साराने डीएनए तुटला की पी५३ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं, आणि ते एक्झोसोमची गळती वाढवणारी जनुकंही चालू करतं, हे २००६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत दाखवलं गेलं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी १ टक्का आणि ०.१ टक्का ऑक्सिजनवर ठेवल्या तर एक्झोसोम वाढतात आणि त्यात एचआयएफ-१ या, ऑक्सिजन कमी झाला की जागं होणाऱ्या प्रथिनाचा हात आहे, हे २०१२ मध्ये आलं.

दुसरी वाट बाहेरच्या पटलाची. तिथूनच फुगा फुटावा तसा तुकडा सुटतो, १०० ते १,००० नॅनोमीटरचा. यामागे मुख्यतः कॅल्शियम. पेशीत कॅल्शियम घुसलं की पटलाच्या आतल्या थरातलं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेद बाहेर येतं, कॅल्पेन नावाचं विकर पटलाखालचा सांगाडा कापतं, आणि पटल जागोजागी सुटतं. याला काही मिनिटं पुरतात. पटलाला भोक पडलं तर ईएससीआरटी-३ ही प्रथिनयंत्रणा जखमी भाग बाहेर फेकून भोक बुजवते, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे पिपेटच्या टोकाने जोरात ओढलेल्या मीडियममुळे पटल दुखावलं, तरी पुटिका सुटणार. हा ताण तुमच्या वहीत कुठेही लिहिलेला नसतो.

तिसरी वाट मरणाऱ्या पेशीची. कॅस्पेझ-३ हे पेशीमरणाचं विकर आरओसीके१ या सांगाडा आवळणाऱ्या प्रथिनाला कापतं, त्यामुळे ते प्रथिन कायमचं चालू होतं, पेशीचा सांगाडा आवळला जातो आणि पेशी उकळत्या भातासारखी खदखदू लागते. त्यातून १ ते ५ मायक्रोमीटरचे मोठे तुकडे सुटतात आणि सोबत लहान तुकड्यांचा चुराही. तुमचा आकडा हलवणारं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मेलेल्या पेशींचा हिशेब

हा हिशेब एकदा कागदावर मांडाच. पेशीचा व्यास १५ मायक्रोमीटर धरा आणि पुटिकेचा १०० नॅनोमीटर. व्यासात १५० पट फरक, म्हणजे पृष्ठभागात १५० गुणिले १५०, बरोबर २२,५०० पट. एका पेशीच्या नुसत्या बाहेरच्या पटलाच्या गोळ्या वळल्या गेल्या तर साडेबावीस हजार पुटिका होतील. आतली पटलं वेगळीच.

आता जिवंत पेशी दिवसाला हजार पुटिका सोडते असं धरू. फ्लास्कमध्ये १ कोटी पेशी असतील तर झाल्या १,००० कोटी पुटिका. त्यातल्या ५ टक्के, म्हणजे ५ लाख पेशी मेल्या आणि त्यांच्या पटलाचा पूर्ण चुरा झाला, तर १,१२५ कोटी तुकडे. ९५ टक्के जिवंत पेशींनी दिवसभर जे काम केलं त्याच्यापेक्षा जास्त माल ५ टक्के मेलेल्यांनी टाकला! प्रत्यक्षात पूर्ण चुरा होत नाही, मोठे तुकडे सेंट्रिफ्यूजच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत खाली बसतात. पण दहावा भाग जरी पुढे गेला तरी तुमच्या आकड्यात ११ टक्क्यांची भर पडली. एका खेपेला ३ टक्के पेशी मेल्या, दुसऱ्या खेपेला ९ टक्के, तर आकडा कुठून कुठे जाईल ते बघा.

म्हणून मीडियम गोळा करताना जिवंत-मृत पेशी मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. ट्रायपॅन ब्लू, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग, लावताना एक चूक सगळेच करतात. वर तरंगणाऱ्या पेशी मीडियमसोबत ओतून टाकतात, मग ट्रिप्सिन या विकराने खाली चिकटलेल्या सोडवून मोजतात आणि लिहितात, ९८ टक्के जिवंत. अहो, मेलेल्या तर तुम्ही आत्ताच ओतल्या. सेंट्रिफ्यूजच्या ३०० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराच्या) पहिल्या फेरीत तळाशी जो पेलेट बसतो तोच उचला, थोड्या पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात) मिसळा आणि त्यातल्याही मोजा. ज्या पेशी आधीच फुटून गेल्या त्या यातही दिसणार नाहीत, त्यासाठी मीडियममधलं एलडीएच, म्हणजे फुटलेल्या पेशींतून सांडणारं विकर, मोजा. आमच्याकडे मृत पेशी ५ टक्क्यांच्या वर गेल्या तर ती बॅच मोजणीला घेत नाही. ताण दिलेल्या फ्लास्कमध्ये हे प्रमाण ठेवायचं तर ताण सौम्य करावा लागतो, वेळ कमी करावा लागतो. तो करा. पेशी मरेपर्यंत ताण देऊन पुटिका वाढल्या असं म्हणण्यात अर्थ नाही.

वाढ मरणामुळे आहे की जिवंत पेशींच्या प्रतिसादामुळे, हे ठरवायला एक फ्लास्क झेड-व्हॅड हे कॅस्पेझ रोखणारं औषध घालून ठेवा. त्यात वाढ नाहीशी झाली तर तुम्ही पेशींचं मरण मोजत होता.

आमची सोमवारची बॅच

मागे आमच्याकडे एक विचित्र गोष्ट चालली होती. गुरुवारी काढलेल्या ईव्हींचा आकडा एका पट्ट्यात यायचा, आणि सोमवारी काढलेल्या दुपटी-तिपटीने जास्त. ताण दिलेल्या फ्लास्कचाही आणि कंट्रोलचाही. कंट्रोल जास्त चढायचा, त्यामुळे गुणोत्तर मात्र खाली यायचं. चार महिने आम्ही सीरमचा (पेशींना पोसणाऱ्या रक्तद्रवाचा) लॉट, पॅसेज (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा), इन्क्युबेटर सगळं बदलून पाहिलं.

शेवटी एका शनिवारी मी स्वतः संध्याकाळपर्यंत थांबले. मीडियम गोळा करण्याचं काम शनिवारी माझ्याच देखरेखीखाली व्हायचं. पुटिका खाली बसवणारं अतिवेगवान अल्ट्रासेंट्रिफ्यूज सोमवारीच मिळायचं, म्हणून मीडियमच्या नळ्या उणे २० च्या फ्रीजरमध्ये जायच्या. मी एक नळी उजेडासमोर धरली. तळाशी, शंकूच्या टोकात, पिठाच्या चिमटीसारखा पांढुरका थर होता. तरंगत्या पेशी होत्या त्या. पेशी काढून टाकण्याची पहिली फेरी न देताच मीडियम गोठत होतं, आणि महिनोन्‌महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी त्या पेशी फुटायच्या. सोमवारी वितळवून ३०० जी दिला तरी आता खाली बसायला पेशी उरल्याच नव्हत्या, सगळा चुरा पुढे जायचा. ज्या मुलीचं हे काम होतं तिचे चार महिने यात गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून नियम एकच. मीडियम गोळा केल्या केल्या ३०० जीवर १० मिनिटं, मग २,००० जीवर २० मिनिटं, आणि वरचा द्रव नव्या नळीत. त्यानंतर गोठवायचं असेल तर उणे ८० मध्ये. शनिवार असो, दिवाळी असो. या दोन फेऱ्यांना साधं टेबलावरचं सेंट्रिफ्यूज पुरतं, सोमवारची वाट बघायची गरज नाही. सोमवार आणि गुरुवार त्यानंतर एका पट्ट्यात आले.

वेगळ्या केलेल्या ईव्ही पुन्हा पुन्हा गोठवल्या-वितळवल्या तर संख्या घटते, काही प्लास्टिकला चिकटतात. लहान लहान भाग करून कमी चिकटणाऱ्या नळ्यांत ठेवा. एवढं पुरे.

कंट्रोलला कोणकोणता ताण बसतो

सगळ्यात मोठा ताण आपण सीरम काढून देतो. गायीच्या गर्भाच्या सीरममध्ये, एफबीएसमध्ये, गायीच्या पुटिका भरपूर असतात. त्या मोजणीत येऊ नयेत म्हणून अनेकजण पेशींना थेट सीरमविना ठेवतात. बऱ्याच पेशींसाठी ही उपासमार आहे. चोवीस तास उपाशी ठेवलेला फ्लास्क कंट्रोल, आणि चोवीस तास उपाशी अधिक कमी ऑक्सिजन हा ताण. ही तुलना ‘ताण विरुद्ध ताण नाही’ अशी उरली का? दोन ताणांची बेरीज आणि एक ताण, अशी ती झाली.

दुसरा मार्ग पुटिका काढलेलं सीरम वापरण्याचा. २० टक्के सीरम घातलेलं मीडियम १,००,००० जीवर रात्रभर, साधारण १८ तास, फिरवतात. शुद्ध सीरम न फिरवता पातळ करून फिरवायचं, कारण शुद्ध सीरम दाट असतं, त्यात पुटिका नीट खाली बसत नाहीत. पण एवढं करूनही सगळ्या जात नाहीत. शिवाय अशा सीरमवर काही पेशी मंद वाढतात. म्हणजे हाही एक छोटा ताण आहेच. त्यामुळे पेशींना एक-दोन पॅसेज आधीपासून त्याच मीडियमची सवय लावा, आणि दोन्ही फ्लास्कना एकाच दिवशी फिरवलेलं, एकाच बाटलीतलं मीडियम द्या. आणि एक फ्लास्क पेशींशिवाय ठेवा. नुसतं मीडियम, तेवढाच वेळ, त्याच इन्क्युबेटरमध्ये, तीच सगळी फेरी. यातून जो आकडा येईल तो तुमचा तळ. तो मोजला नसेल तर बाकी आकड्यांवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

ऑक्सिजनकडे आता. आपण म्हणतो, कंट्रोल नेहमीच्या हवेत. पण पेशी मीडियमच्या तळाशी असतात, ऑक्सिजन वरून झिरपत खाली जातो. १७५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये २० मिलीलिटर मीडियम घातलं तर थर जेमतेम १.१ मिलीमीटर उंच. कोणी हात मोकळा सोडून ३० मिलीलिटर घातलं तर १.७ मिलीमीटर. पेशी गच्च भरल्या असतील तर तळाशी आलेला ऑक्सिजन त्याच संपवून टाकतात, आणि तुमचा कंट्रोल न कळत कमी ऑक्सिजनमध्ये जातो. उलट, १ टक्का ऑक्सिजनच्या पेटीत फ्लास्क ठेवला तरी मीडियममध्ये आधीच विरलेला ऑक्सिजन बाहेर पडायला काही तास लागतात. मीडियम आदल्या रात्री पेटीतच ठेवून द्या. आणि मध्येच दार उघडून फ्लास्क बाहेर काढू नका. हवेत आला की काही मिनिटांत पेशींना पुन्हा ऑक्सिजन मिळतो, आणि तो अचानक मिळालेला ऑक्सिजन हा आणखी वेगळा ताण आहे.

आम्लतेचा ताण तर डोळ्यांना दिसतो. मीडियममधला फिनॉल रेड हा रंग ७.४ पीएचला लाल, आणि खाली येता येता केशरी, मग पिवळा. गच्च भरलेला फ्लास्क दोन दिवस तसाच राहिला की मीडियम लिंबाच्या रसासारखं दिसायला लागतं. आम्लात ईव्ही जास्त सुटतात हे २००९ मध्ये मेलॅनोमाच्या पेशींवर, पीएच ६ वर, दाखवलं गेलं आहे. गोळा करताना प्रत्येक फ्लास्कचा फोटो काढा, पांढऱ्या कागदावर ठेवून. आठवण दगा देते, फोटो देत नाही. मीडियम उलट गुलाबी-जांभळं दिसलं तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तपासा.

उष्णता. उन्हाळ्यात वीज गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला आणि एसी बंद पडला, तर इन्क्युबेटर आतली उष्णता बाहेर टाकू शकत नाही. साधा इन्क्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही, हे मुलांना सांगावं लागतं. ३९-४० अंशांवर दोन तास गेले तर उष्माघाताची प्रथिनं चालू होतात. वीज जाते तिथे आत एक साधा कमाल-किमान थर्मामीटर ठेवा आणि रोज सकाळी आकडा लिहा.

आणि हाताचा ताण. मीडियम भिंतीवरून हळू सोडायचं, पेशींच्या थरावर धार मारायची नाही. एका खेपेला एकजण, दुसऱ्या खेपेला दुसरा, असं करू नका. हात बदलला की पटलाला बसणारा मार बदलतो.

आकड्याला भागायचं कशाने

इथे लबाडी न करताही फसवणूक होते. समजा दोन्ही फ्लास्कमधून प्रत्येक मिलीलिटरला सारख्याच पुटिका निघाल्या. पण कंट्रोलमध्ये शेवटी २ कोटी पेशी होत्या आणि ताणाखाली वाढ थांबल्याने १ कोटी. मिलीलिटरने भागलं तर फरक नाही. पेशींनी भागलं तर दुप्पट. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. म्हणून गोळा करताना पेशी मोजा, सुरुवातीच्या आणि शेवटच्या, आणि दोन्ही पद्धतींनी लिहा. ईव्हींच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय मायसेव्ह मार्गदर्शक तत्त्वं, २०१४, २०१८ आणि २०२३ ची, पेशींची संख्या, जिवंतपणा, पॅसेज या गोष्टी लिहायला सांगतात त्यामागे हेच कारण आहे.

ईव्हींच्या प्रथिनाने भागण्याच्या मी विरोधात आहे. ताणात पुटिकांसोबत सुटं प्रथिनही जास्त बाहेर येतं, मग भागाकार कशाचा होतो तेच कळत नाही. मात्र कण आणि प्रथिन यांचं गुणोत्तर शुद्धता बघायला उपयोगी पडतं. एका मायक्रोग्रॅम प्रथिनाला ३ गुणिले १० चा दहावा घात किंवा जास्त कण असतील तर तयारी स्वच्छ, हा २०१३ पासूनचा अंदाज अजून कामाला येतो.

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत) एचएसपी७० या उष्माघात प्रथिनाची पट्टी गडद आली म्हणून ईव्ही वाढल्या असं लिहू नका. उष्णता दिल्यावर पेशीतच एचएसपी७० वाढतो, त्यामुळे प्रत्येक पुटिकेत तो जास्त भरला जातो. संख्या तेवढीच राहूनही पट्टी गडद होते. सीडी६३, सीडी८१, टीएसजी१०१ या ईव्हींच्या खुणेच्या प्रथिनांसोबत पाहा, आणि कॅल्नेक्सिन हे पेशीच्या आतलं प्रथिन आलं तर समजा, फुटलेल्या पेशींचा माल आत आहे.

मशीन जे मोजतं ते सगळं पुटिका नसतं

नॅनोकण मोजणाऱ्या मशीनच्या पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घरच्या माजघरातला कवडसा आठवला होता. उन्हाच्या तिरीपेत धूळ तरंगते तसे पांढरे ठिपके थरथरत असतात. मशीन त्यांची थरथर मोजून आकार सांगतं. पण ठिपका पुटिकेचा आहे, लिपोप्रोटीनचा आहे की मिठाच्या कणाचा, हे त्याला कळत नाही.

ताणाच्या प्रयोगात हा धोका दुप्पट. कोबाल्ट क्लोराइडने कमी ऑक्सिजनचा भास निर्माण करताना तो फॉस्फेटसोबत साका धरू शकतो. डीएमएसओ या द्रावकात विरघळलेलं औषध पाण्यात गेल्यावर बारीक कणांत बाहेर पडू शकतं. हे कण फक्त ताणाच्या फ्लास्कमध्ये असतात, त्यामुळे वाढ अगदी खरी वाटते. पेशींशिवाय, पण औषध घातलेलं मीडियम मोजा. आणि नमुन्यात ट्रायटन हे पटल विरघळवणारं डिटर्जंट घालून पुन्हा मोजा. पुटिका विरघळतात, मिठाचे कण उरतात. नमुना इतका पातळ करा की एका चौकटीत ठिपके मोजण्याइतके, पण एकमेकांवर न चढणारे असावेत, आणि कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेची पातळी सगळ्या खेपांना एकच ठेवा. ती दर नमुन्याला बदलली तर बाकीची मेहनत वाया जाते.

आणखी एक. १०,००० जीचा पेलेट फेकून देऊ नका. कॅल्शियमच्या वाटेने सुटलेल्या मोठ्या पुटिका तिथेच बसतात. फक्त १,००,००० जीचा पेलेट बघून ‘या ताणाने काही होत नाही’ म्हणणारे कितीतरी प्रयोग मी पाहिलेत, ज्यांचं उत्तर कचऱ्याच्या डब्यात गेलं होतं.

ताणाने ईव्ही वाढल्याच पाहिजेत असं नाही

हे मुलांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. २००८ मध्ये रक्तकर्करोगाच्या के५६२ पेशींवर दाखवलं गेलं की उपासमार किंवा रॅपामायसिन या औषधाने ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने आतलाच माल पचवणं, चालू झाली की बहुपुटिका पिंड ऑटोफॅगोसोमला (हा माल गुंडाळणाऱ्या पिशवीला) जाऊन मिळतात, माल आत पचतो आणि एक्झोसोम कमी बाहेर पडतात. त्याच पेशींत मोनेन्सिन देऊन कॅल्शियम वाढवलं तर एक्झोसोम वाढतात. पेशी एकच, ताण वेगळा, दिशा उलटी. म्हणून तुमचा ताण ऑटोफॅजी चालवतो की लायसोसोम अडवतो, हे आधी पाहा. तोच ताण सहा तासांनी एक करतो आणि चोवीस तासांनी दुसरं. पहिल्या मिनिटांत कॅल्शियमची वाट, काही तासांनी जनुकांची, आणि एक-दोन दिवसांनी मरणाची. चोवीस तासांचा एकच नमुना घेतला तर तिन्ही वाटांची खिचडी हाती येते. चार, बारा आणि चोवीस तास, असे तीन फ्लास्क ठेवा.

मीडियममधली संख्या ही निव्वळ शिल्लक असते हेही विसरू नका. टाकीत नळ चालू आहे आणि खालची तोटीही उघडी आहे. पेशी पुटिका सोडतात तशा शेजारच्या पेशी त्या गिळतातही. ताणाने गिळणं मंदावलं तरी पातळी चढेल, आणि आपण म्हणू, सोडणं वाढलं. गच्च भरलेल्या आणि विरळ फ्लास्कचे दर पेशी आकडे वेगळे येतात, हेही यात धरा.

जीडब्ल्यू४८६९ हे औषध घालून ‘एक्झोसोम थांबले’ हे सिद्ध करायची पद्धत रूढ झाली आहे. ते सिरॅमाइड या मेदावर चालणारी एक्झोसोमची एक वाट अडवतं, पण काही पेशींत त्याच वेळी पटलावरून सुटणाऱ्या मोठ्या पुटिका वाढतात. एकूण आकडा हलला नाही म्हणून औषध चाललं नाही असं समजू नका. दोन्ही पेलेट वेगवेगळे मोजा.

एवढं करूनही आकडा हलत असेल तर

मायकोप्लाझ्मा या जिवाणूंची पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी चाचणी, करा. खरं तर हे पहिल्या दिवशीच करायला हवं, पण लोक शेवटी करतात म्हणून इथे लिहिते. हे जिवाणू नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, मीडियम गढूळ करत नाहीत, ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून निसटू शकतात, पेशींना कायम ताणाखाली ठेवतात आणि स्वतःच्या पुटिकाही सोडतात. कोणाकडून मैत्रीखात्यात मागून आणलेल्या पेशींवर विसंबू नका. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशींचं भांडार आहे, तिथून किंवा तशाच खात्रीच्या ठिकाणाहून कागदपत्रांसह पेशी आणा, आल्या आल्या वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा, आणि चाचणी निगेटिव्ह आल्यावरच मुख्य खोलीत न्या.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर औषधं देऊन त्या पेशी वाचवायचा मोह होतो, विशेषतः त्यांच्यावर वर्षभराचं काम झालं असेल तर. तसं करू नका. तो फ्लास्क ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा), हूड आणि पाण्याची ट्रे साफ करा, सुरुवातीच्या पॅसेजची गोठवलेली वायल काढा आणि तिचीही पीसीआर करून मगच पहिला फ्लास्क लावा.